‘ते माझं काम नाही’ असं टीम म्हणायला लागते तेव्हा

या वेळचं पत्र एका टीम लीडचं आहे, थोडं लहान करून देते:

“ताई, नमस्कार. मी कस्टमर सपोर्टमध्ये टीम लीड आहे. टीम ११ जणांची, त्यातले दोघं सोडून गेले आणि त्यांच्या जागा अजून भरल्या नाहीत, म्हणजे सध्या ९ जण. वर्षभरापूर्वी अख्ख्या फ्लोअरवर आमच्या टीमचं नाव होतं. कॉल वाढले की शिफ्ट संपली तरी लोक थांबायचे, नवीन आलेल्याला शेजारी बसवून शिकवायचे, एकमेकांची अडकलेली तिकिटं (म्हणजे कस्टमरच्या नोंदवलेल्या तक्रारी) न सांगता उचलायचे. एका मुलाने तर स्वतःच्या डोक्याने हँडओव्हर शीट बनवली होती. शिफ्ट संपताना कुठल्या कस्टमरला काय शब्द दिलाय, कोणाला किती वाजता परत फोन करायचाय हे त्यात लिहायचं, रात्रीची शिफ्ट त्यावरच चालायची. मला ती इतकी आवडली की मी ती वर दाखवली आणि आता ती सगळ्या टीमना कंपल्सरी झालीये, १४ कॉलम आहेत आणि कोणी भरली कोणी नाही याचा रिपोर्ट दर शुक्रवारी जातो. आता तो मुलगाच सगळीकडे ‘लागू नाही’ टाकून निघून जातो. (मध्ये त्याच्या वडिलांचं ऑपरेशन होतं, त्याने दोन आठवडे सकाळची शिफ्ट मागितली होती, पॉलिसीत बसत नव्हतं आणि एकाला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागलं असतं म्हणून दिली नाही, तो बिनपगारी रजेवर गेला. पण ते आता जुनं झालं.) सगळे वेळेवर येतात, टार्गेट करतात, शिफ्ट संपली की हेडसेट ठेवून उठतात. जास्तीचं काही सांगितलं की ‘ते माझं काम नाही’. बॉस म्हणतात टीमचा ॲटिट्यूड सुधार. मी महिन्याच्या बेस्ट एम्प्लॉयीचं अवॉर्ड सुरू केलं, काही फरक नाही. आता अप्रेझलमध्ये २० टक्के मार्क ‘कामापलीकडच्या योगदाना’साठी ठेवायचा विचार आहे. लोक आळशी झालेत की मी कुठे कमी पडतेय? काय करू?”

आधी आळशीपणाचं बोलू. तुमची टीम आळशी नाहीये. आळशी माणूस टार्गेट चुकवतो, उशिरा येतो, कॉल टाळतो, आणि यातलं काहीच होत नाहीये असं तुम्हीच लिहिलंय. तुमची माणसं जे ठरलंय ते चोख करतायत आणि जे कधी ठरलेलंच नव्हतं, जे ती स्वतःच्या मनाने देत होती, तेवढंच त्यांनी परत घेतलंय. म्हणजे नेमकं काय बंद करायचं हे त्यांना नीट कळतंय, आणि नऊच्या नऊ जणांनी एकाच गोष्टीतून हात काढून घेतला असेल तर त्याचं कारण नऊ स्वभावांमध्ये शोधून सापडणार नाही, ते त्यांना कसं वागवलं गेलं त्यात सापडेल.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते कंसातलं वाक्य. वडिलांच्या ऑपरेशनचं. तुम्ही ते कंसात घातलंत, ‘जुनं झालं’ म्हणालात, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. त्या मुलासाठी ते जुनं झालेलं नाही. आणि बाकीच्या आठ जणांनी पण ते बघितलंय हे विसरू नका. ज्याने कोणी न सांगता अख्ख्या टीमची रात्र सोपी करून दिली त्याला गरज पडली तेव्हा दोन आठवड्यांची शिफ्ट मिळाली नाही, हे टीममध्ये कोणाला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. त्यातून प्रत्येकाने आपला आपला हिशोब लावला असणार की माझी वेळ आली की मलाही हेच उत्तर मिळणार.

या विषयावर बराच अभ्यास झालाय आणि तुमच्या केसला तो चपखल लागू होतो म्हणून थोडा सांगते. डॅनियल कॅट्झ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्येच लिहून ठेवलंय की जी संस्था फक्त ठरवून दिलेल्या कामावर चालते ती फार नाजूक असते, कारण प्रत्येक अडचण आधीच कागदावर लिहून ठेवता येत नाही, कोणीतरी आपणहून पुढे यावंच लागतं. कामगार संघटनांना हे केव्हापासून माहितीये, म्हणून तर ‘नियमाप्रमाणे काम’ हे आंदोलनाचं हत्यार आहे, काही बंद पाडायचं नाही, फक्त नियमात आहे तेवढंच करायचं, आणि काम आपोआप रखडतं. पुढे १९८३ च्या सुमाराला डेनिस ऑर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जास्तीच्या वागण्याचाच अभ्यास सुरू केला, १९८८ मध्ये ऑर्गननी त्यावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी पाच प्रकार सांगितले: सहकाऱ्याला मदत करणं, ठरलेल्यापेक्षा जास्त चोख असणं, छोट्या गैरसोयींचा बाऊ न करणं, आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून आधी कळवणं, आणि कंपनीच्या एकंदर कारभारात मनापासून लक्ष घालणं. तुमच्या टीममधल्या त्या मुलाची शीट यातल्या निदान तीन प्रकारांत बसते, बघा.

ऑर्गन यांचा एक मुद्दा मला फार पटतो. माणूस किती काम उरकतो हे त्याचं कौशल्य, हातातली साधनं, येणाऱ्या कामाचा ओघ यावर बरंचसं ठरलेलं असतं, आणि वर पगार आणि नोकरी त्याला बांधलेली, त्यामुळे मन उडालं म्हणून कोणी लगेच कॉल घेणं निम्म्यावर आणत नाही, परवडत पण नाही. पण शेजारच्याला मदत करायची की नाही, थांबायचं की नाही, हे पूर्णपणे त्याच्या हातात असतं. म्हणून मन कमी झालं की पहिल्यांदा हेच कमी होतं. तुमच्या रिपोर्टमध्ये ते दिसत नाही कारण ते कुठल्याच रिपोर्टमध्ये कधी नव्हतंच.

मग मन कशाने राहतं? रॉबर्ट आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये एक साधीच गोष्ट मांडली की माणूस कंपनीकडे एखाद्या व्यक्तीकडे बघावं तसं बघतो आणि मनात एक मत बनवून ठेवतो, हिला माझ्या कामाची किंमत आहे का आणि हिला माझी काळजी आहे का. हे मत चांगलं असलं की माणसाला आपणहून परतफेड करावीशी वाटते, कारण कोणी आपलं भलं केलं तर आपणही करावं ही भावना जवळजवळ सगळ्या समाजांत आहे, समाजशास्त्रज्ञ ॲल्विन गोल्डनर यांनी १९६० मध्ये त्याच्यावर सविस्तर लिहिलंय. आणि इथे तुमच्यासाठी महत्त्वाचं हे, की टीममधल्या माणसाला कंपनी कुठे दिसते? डायरेक्टर त्याला दिसत नाहीत, तो रोज तुम्हाला बघतो. तुम्ही ‘पॉलिसीत बसत नाही’ म्हणालात तेव्हा तुमच्या मनात तुम्ही फक्त निरोप देत होता, त्याच्या कानावर मात्र ते कंपनीचं त्याच्याबद्दलचं मत म्हणून पडलं.

आता तुम्ही म्हणाल की कंपनी बाकी खूप काही देते, इन्शुरन्स आहे, वर्षाला इन्क्रिमेंट आहे, मग त्याचं काही नाही का? आहे, पण लोक ते वेगळ्या खात्यात टाकतात. १९९७ मध्ये आयझेनबर्गर यांच्याच टीमचा एक अभ्यास आला होता, त्यात नोकरीतल्या वेगवेगळ्या चांगल्या गोष्टींची तुलना केली होती, कंपनीने स्वतःच्या मनाने दिलेल्या एका बाजूला आणि कायद्यामुळे, करारामुळे किंवा परिस्थितीमुळे द्याव्याच लागल्या अशा दुसऱ्या बाजूला. कंपनीला आपली पर्वा आहे या भावनेशी पहिल्या प्रकारच्या गोष्टींचा संबंध दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींपेक्षा सहा पटींहून जास्त घट्ट निघाला. म्हणजे सगळ्यांना मिळतं, मिळणारच होतं, त्याने जीव जडत नाही. तुमच्या हातात होतं, नाही म्हणता आलं असतं आणि तरी तुम्ही हो म्हणालात, ते माणूस लक्षात ठेवतो. ती सकाळची शिफ्ट नेमकी अशी गोष्ट होती, आणि तिच्यासाठी कंपनीचा एक पैसा जास्तीचा लागला नसता.

‘एकाला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल’ हे वाक्य प्रत्येक ऑफिसात ऐकू येतं आणि मला ते कधीच पटलेलं नाही. द्या ना सगळ्यांना. ज्याच्या घरी ऑपरेशन असेल त्या प्रत्येकाला द्या, अशी वेळ नऊ जणांवर एकदम थोडीच येणार आहे! न्याय हा मुद्दा मात्र खरा आहे. २००२ मध्ये ऱ्होड्स आणि आयझेनबर्गर यांनी तोपर्यंतचे ७० हून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा ‘कंपनी माझ्या पाठीशी आहे’ असं वाटायला तीन गोष्टी मुख्य निघाल्या, न्याय्य वागणूक, वरिष्ठाचा आधार, आणि पगार-बढती-कामाची परिस्थिती, आणि त्यात सगळ्यात वजनदार निघाली ती न्याय्य वागणूक. पण न्याय्य म्हणजे सगळ्यांना सारखंच नाही म्हणणं असा त्याचा अर्थ होत नाही. नियम काय आहे, तो कोणी आणि का ठरवला, माझं ऐकून घेतलं का, आणि उद्या दुसऱ्याला पण हाच लागू होणार का, हे माणसाला दिसलं पाहिजे. तुम्ही एवढं करू शकता, घरात आजारपण असेल तर दोन आठवड्यांपर्यंत शिफ्ट बदलून मिळेल, कोणालाही, अदलाबदल कोणाशी ते टीममध्येच ठरवायचं, असा चार ओळींचा नियम लिहून काढा आणि वरून मंजूर करून घ्या. वरून नाहीच म्हणाले तर काय करायचं ते पुढे सांगते.

आता शीटबद्दल, कारण ते मला शिफ्टइतकंच महत्त्वाचं वाटतं.

त्या मुलाने जी शीट बनवली ती का चालली? कारण तिचा उपयोग पुढच्या माणसाला होता. दुपारी कोणीतरी कस्टमरला ‘रात्री नऊच्या आधी फोन येईल’ असा शब्द दिलाय, रात्रीच्या माणसाने शीट बघितली, फोन केला, कस्टमर शांत. लिहिणाऱ्याला माहीत होतं की हे कोण वाचणार आहे आणि आपण लिहिलं नाही तर शिव्या कोण खाणार आहे, तो त्याचाच मित्र. त्यात फक्त तेवढंच होतं जेवढं लागत होतं. मग ती वर गेली, १४ कॉलमची झाली, कॅटेगरी, सब-कॅटेगरी, असलं सगळं आलं असणार, आणि ती कोणाला वाचायला लागते यापेक्षा भरली की नाही हे मोजलं जायला लागलं. म्हणजे ज्या क्षणी तुम्ही तिला शुक्रवारच्या रिपोर्टला जोडलीत त्या क्षणी ती त्याची राहिली नाही. जे त्याने दिलं होतं ते आता त्याच्याकडून वसूल केलं जातंय, आणि न भरल्याबद्दल त्याचंच नाव लाल रंगात येत असणार. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीये पण मला विचारावंसं वाटतं, वर दाखवताना त्याचं नाव घेतलं होतंत का? सगळ्या टीमना मेल गेली त्यात त्याचं नाव होतं का? नसेल तर ‘लागू नाही’ का टाकतो याचं मला अजिबात आश्चर्य वाटत नाही.

मनाने केलेल्या गोष्टीची सक्ती झाली की काय होतं यावर एरान विगोडा-गाडोट यांनी २००६ मध्ये लिहिलंय, दबावाखाली करावं लागणारं हे ‘स्वयंस्फूर्त’ काम लोकांना शोषणासारखं वाटतं असा त्यांचा सूर आहे. आणि २०१५ मध्ये मार्क बोलिनो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जास्तीचं करून करून माणूस खरोखर थकतो, आणि थकला की पुढे ते करणं कमी करतो. पण हा थकवा सगळ्यांना सारखा येत नाही, कंपनीचा आधार वाटत नसेल आणि ‘करायलाच पाहिजे’ असा दबाव असेल तर जास्त येतो. तुमच्याकडे दोन्ही गोष्टी एकदम झाल्यात. आधार काढला गेला आणि दबाव वाढला.

म्हणून अप्रेझलमधल्या २० टक्क्यांना माझं सरळ उत्तर आहे, ठेवू नका. तुम्ही शीटचं जे केलंत तेच मग मदतीचं, शिकवण्याचं, थांबण्याचं होईल. लोक मोजलं जाईल असं जास्तीचं करतील, तुम्ही समोर असताना करतील, आणि रात्री अकरा वाजता रडकुंडीला आलेल्या नवीन मुलीला कोणी न बघता मदत करायची ती राहून जाईल. शिवाय ज्याच्या घरी लहान मूल आहे किंवा आजारी माणूस आहे तो थांबू शकत नाही, त्याचे मार्क कापले जाणार, हे कुठल्या न्यायात बसतं? समाजशास्त्रज्ञ पीटर ब्लाऊ यांनी १९६४ मध्ये एक फरक सांगितला होता, व्यवहारात काय द्यायचं काय घ्यायचं आणि केव्हा ते आधी ठरतं, पण माणसामाणसांतल्या देवाणघेवाणीत परतफेड काय आणि कधी हे ठरवून चालतच नाही, ते समोरच्यावर सोडावं लागतं, भरवसा ठेवावा लागतो. तुम्ही टक्के लावलेत की त्याचा व्यवहार झाला, आणि मग लोक विचारणारच की एवढ्या टक्क्यांत किती तास बसतात.

हाच धोका शिफ्टच्या बाबतीत पण आहे हे लक्षात ठेवा. उद्या तुम्ही कोणाला सवलत दिलीत आणि आठवडाभरात ‘मी तुझ्यासाठी केलं ना, मग आज थांब’ म्हणालात तर सगळं मुसळ केरात. आधार द्यायचा तर द्या आणि विसरून जा, परत मागू नका, आठवण पण करून देऊ नका.

अवॉर्डबद्दल थोडक्यात, बंद करा, गाजावाजा न करता. एकाला दिलं की आठ जणांना दिलं नाही, आणि मदत करणाऱ्यालाच कशाला, मदत घेणाऱ्याला पण अवघडल्यासारखं होतं. त्यापेक्षा साधे आभार जास्त काम करतात. ॲडम ग्रँट आणि फ्रान्सेस्का जिनो यांचा २०१० चा एक प्रयोग आहे, एका विद्यापीठासाठी फोनवर देणगी गोळा करणारे कर्मचारी, त्यातल्या काहींना त्यांच्या डायरेक्टरने स्वतः येऊन आभार मानले, बाकीच्यांना नाही. आभार मानले त्या गटाचे फोन पुढच्या आठवड्यात निम्म्याने वाढले, दुसऱ्या गटात काही बदल नाही. तुमचं काम पण फोनवरचंच आहे. पण आभार नेमके हवेत. ‘टीम, ग्रेट जॉब’ असा ग्रुपवर मेसेज टाकून काही होत नाही, लोक तो वाचत पण नाहीत. ‘काल तो कस्टमर चाळीस मिनिटं ओरडत होता, तू कॉल ट्रान्सफर केला नाहीस, स्वतः मिटवलास, मी रेकॉर्डिंग ऐकलं’ असं त्याच्या टेबलाजवळ जाऊन सांगा. त्यात त्याला कळतं की कोणीतरी खरंच बघितलं. मात्र एक, जिथे दुखावलंय तिथे आधी ते निस्तरा, नाहीतर आभार पोकळ वाटतील.

आणि अजून एक गोष्ट तपासा, टीममध्ये जे थोडंफार जास्तीचं अजूनही चाललंय ते कोण करतंय. नवीन मुलांना सांभाळणं, फेअरवेलची तयारी, मीटिंगचे मुद्दे लिहून ठेवणं, हे सगळं दोन-तीन मुलींवर तर नाही ना पडत? मॅडलिन हाइलमन आणि ज्युली चेन यांनी २००५ मध्ये दाखवलं होतं की मदत केली तर पुरुषाचं कौतुक होतं, बाईचं तेवढं होत नाही, आणि मदत केली नाही तर बाईला नावं ठेवली जातात, पुरुषाला नाही. तुम्ही स्वतः बाई आहात म्हणजे तुमच्याकडून हे होणार नाही असं नाही हं, आपल्याही नकळत आपण तिलाच सांगतो कारण ती नाही म्हणत नाही.

मग आता करायचं काय. पहिलं काम, त्या मुलाशी बोला. केबिनमध्ये बोलावून एचआरला बसवून नको, दोघंच. आणि शीटपासून सुरुवात करू नका, वडिलांपासून करा. ते आता कसे आहेत विचारा. मग सरळ म्हणा की तेव्हा मी तुझ्यासाठी वर जाऊन भांडायला पाहिजे होतं, मी पॉलिसी दाखवून मोकळी झाले, ते माझं चुकलं. ‘पण माझी पण मजबुरी होती’ हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळा. तो कदाचित ‘ठीक आहे मॅम’ एवढंच म्हणेल आणि उठेल. उठू द्या. त्याच्याकडून लगेच काही अपेक्षा ठेवून गेलात तर त्याला ते कळेल. पुढच्या भेटीत शीटबद्दल विचारा, तुझ्या मूळ शीटमध्ये काय होतं, यातले कुठले कॉलम फालतू आहेत, आणि तो सांगेल तेवढे कॉलम निदान तुमच्या टीमपुरते काढून टाका, शुक्रवारच्या रिपोर्टमधून टीमला बाहेर काढता येतंय का ते बघा, आणि ज्यांना ती मेल गेली होती त्यांनाच परत एक मेल पाठवून त्याचं नाव सांगा की ही कल्पना याची होती. उशीर झालाय, तरी पाठवा.

दुसरं, रोजच्या कामात पाठीशी उभं राहण्याच्या जागा शोधा, त्या तुमच्या लाईनमध्ये खूप असतात. कस्टमर शिवीगाळ करतो, तेव्हा कॉल कट करायची परवानगी आहे का आणि केला तर तुम्ही जबाबदारी घेता का? एखाद्याने कस्टमरला बघून थोडा नियम वाकवला, पैसे लवकर परत दिले, आणि वरून विचारणा झाली तर तुम्ही ‘मी सांगितलं होतं’ म्हणता का ‘मी त्याच्याशी बोलते’ म्हणता? तुमच्या टीममधल्या लोकांना या दोन वाक्यांतला फरक पक्का माहीत असणार.

तिसरं तुमच्याबद्दल. तुम्ही विचारलंत मी कुठे कमी पडतेय का, आणि तुमच्या पत्रात तुमच्या पाठीशी उभं राहणारं कोणीच दिसत नाही. बॉस म्हणतात ॲटिट्यूड सुधार, बस. २००६ मध्ये शॅनॉक आणि आयझेनबर्गर यांनी सुपरवायझर आणि त्यांच्या हाताखालच्या लोकांना एकत्र घेऊन अभ्यास केला होता, ज्या सुपरवायझरना वरून आधार वाटत होता त्यांच्या लोकांना सुपरवायझरचा आधार वाटत होता, आणि ती माणसं जास्तीचं पण करत होती. म्हणजे हे वरून खाली झिरपतं. तुम्ही कोरड्या विहिरीतून पाणी काढायला बघताय आणि वर स्वतःलाच दोष देताय. तुमच्यावर पण अन्याय होतोय हे मला लिहावंसं वाटतं, कारण कोणी तुम्हाला ते म्हणालं नसेल. त्याने तुमची टीमबद्दलची जबाबदारी संपत नाही, पण सगळं तुमच्या एकटीच्या कमीपणामुळे झालं असं मनाला लावून घेऊ नका.

आणि शेवटी त्या दोन रिकाम्या जागा. ११ जणांचं काम ९ जण करतायत आणि आपण विचारतोय की ते जास्तीचं का करत नाहीत, अहो ते रोज करतायतच की! सोडून गेलेल्या दोघांचे कॉल त्यांच्याच टार्गेटमध्ये मिसळलेत, म्हणून ते कोणाला जास्तीचं दिसत नाही. मला वाटतं वर्षभरापूर्वी लोक थांबायचे ते अधूनमधून, लोड वाढला की, आणि दोघं गेल्यावर ते रोजचंच झालं असणार, आणि मग प्रेमाने थांबणारा माणूस पण विचार करतो की मी थांबतो म्हणूनच जागा भरत नाहीयेत. असं वाटत असेल तर शिफ्ट संपल्यावर उठून जाणं हे त्यांच्या बाजूने अगदी बरोबर आहे, आणि ते ‘परत थांबायला लागावेत’ हे तुमचं ध्येय असू नये.

म्हणून या आठवड्यात बॉसना एक मेल करा. ११ जण असताना माणशी रोज किती कॉल यायचे, आता किती येतात, जागा रिकाम्या झाल्यापासून किती वेळा लोकांना शिफ्टनंतर थांबावं लागलं, त्याचा ओव्हरटाईम दिला गेला का, एवढे आकडे घाला, ॲटिट्यूड वगैरे शब्द येऊ देऊ नका. दोन जागा कधी भरणार याची तारीख मागा, आणि त्या भरेपर्यंत टार्गेट कमी करा किंवा थांबण्याचे पैसे द्या असं स्पष्ट लिहा. शिफ्ट बदलण्याचा तो चार ओळींचा नियम पण त्याच मेलला जोडा. आणि पाठवलेली मेल टीमला दाखवा. उत्तर नकाराचं आलं तर ते पण दाखवा आणि पुन्हा कधी विचारणार आहात ते सांगा, कारण आजवर तुम्ही त्यांच्यासाठी वर काही मागितलेलं त्यांनी पाहिलेलंच नाहीये.